दिसला आणि मावळला

आमच्या मोटारीच्या फलकावर गेल्या पावसाळ्यात एक पिवळा दिवा लागू लागला. तो नेमाने लागला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते. परंतु तो एक दिवस लागे आणि चार दिवस दिसत नसे. कधी एकटा येई, तर कधी आपल्यासोबत आणखी दोघांना घेऊन येई. कारागिराच्या दारात गाडी उभी केली, की त्याचा मागमूसही राहत नसे. अशा दिव्याने एका कुटुंबात किती गैरसमज पेरले आणि अखेरीस माझ्याच एका लहानशा अप्रामाणिकपणाकडे कसे बोट दाखवले, ते वाचकांपुढे मोकळेपणाने मांडावे म्हणून ही लेखणी हाती घेतली आहे.

आमचे घर कुडव्याला. गोंदिया शहराला लागूनच आमची वस्ती. गोंदिया म्हटले की भातगिरण्या आल्या, आणि माझे सारे आयुष्य धान, तांदूळ आणि कोंडा यांच्या हिशेबात गेले. आता व्यवहार चिरंजीवाने सांभाळला आहे. घरात माझी नव्वदीला टेकलेली आई, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि दुसरीत जाणारा नातू, अशी आम्ही चार पिढ्यांची मंडळी आहोत. आईला दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते. तीन-साडेतीन तासांची वाट; तिला आगगाडीची गर्दी आता सोसत नाही. म्हणून घरातील मोटार ही आमच्या लेखी हौसेची वस्तू राहिलेली नाही. आईचे औषधपाणी तिच्या चाकांवर चालते.

ही गाडी संकरित जातीची, म्हणजे हायब्रिड. २०१४ सालची बांधणी. चिरंजीवाने ती २०१९ मध्ये नागपुरातून जुनी विकत घेतली. तिच्या पोटात पेट्रोलचे इंजिन आहे, विजेची मोटर आहे आणि मागच्या आसनामागे मोठ्या दाबाचा विद्युतघट आहे. उतारावर अथवा ब्रेक दाबताना जी शक्ती साध्या गाडीत उष्णता होऊन वाया जाते, ती येथे पुष्कळ अंशी विजेच्या रूपाने परत घटात साठते. गर्दीत गाडी उभी राहिली, की इंजिन आपोआप शांत होते. पहिल्या वेळी आई म्हणाली होती, “बंद पडली का रे?” तिला समजावता समजावता आम्हालाच गंमत वाटली होती.

अशा गाड्यांचा इतिहास फार जुना नाही. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ च्या डिसेंबरात विक्रीस आली. आपल्या देशात होंडाने सिव्हिकची संकरित आवृत्ती २००८ मध्ये आणली आणि प्रियस २०१० मध्ये आली. २०१३ पासून कर्नाटकातील बिडदी येथे संकरित कॅमरीची जुळणी सुरू झाली. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा अशा मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर १५ टक्के उपकर, असा एकूण ४३ टक्क्यांचा बोजा बसला. त्यामुळे त्या काळातील संकरित गाड्या आपल्याकडे मोजक्याच राहिल्या. आणि ज्या गाड्या मोजक्या, त्यांचे जाणकार कारागीरही मोजकेच. आमच्या गाडीचे नाव मात्र येथे देत नाही. दोष तिच्या बनावटीचा नव्हताच, हे पुढे दिसेल.

आषाढात पहिला पाऊस स्थिरावला, त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी पावणेसातला सूनबाई नातवाला शाळेत सोडायला निघाली आणि परत आल्यावर म्हणाली, “बाबा, गाडीत पिवळा दिवा लागला होता. ब्रेकचा आणि घसरणीचा. एक संकरित यंत्रणेचाही संदेश आला. शाळेपर्यंत होता, येताना आपोआप गेला.” मी बाहेर जाऊन कळ दाबली. सारे दिवे क्षणभर उजळले आणि क्रमाने मावळले. गाडी तयार असल्याची हिरवी खूण तेवढी उरली. मी म्हणालो, “काही नाही. चुकून हात लागला असेल.”

चार दिवसांनी पुन्हा तसेच घडले, आणि पुन्हा तिच्याच हाती. तिसऱ्या वेळी चिरंजीव हसत म्हणाला, “तुझ्याच हातात का लागतो गं हा दिवा?” हे वाक्य त्याने थट्टेने उच्चारले, पण घरात काही वाक्ये थट्टेच्या दाराने शिरतात आणि मुक्कामाला राहतात. पुढल्या पंधरवड्यात सौ.ने शेजारणीला सांगितले, की सुनेच्या हाताला गाडी मानवत नाही. मी म्हटले, की ती ब्रेकवर पाय नीट न ठेवताच कळ दाबत असावी. आईनेसुद्धा एकदा “तिला गाडी देऊच नका” असा निवाडा दिला. सूनबाई कारंज्याच्या माहेरची. वादावादी तिच्या स्वभावात नाही. ती गप्प राहिली. ते गप्प राहणे आम्ही कबुली समजलो.

प्रथम आम्ही ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने लहान विद्युतघटाचे टोक सोडवले, दहा मिनिटे थांबला, पुन्हा जोडले आणि म्हणाला, “झालं काम.” चार दिवस खरोखर शांततेत गेले. आम्ही समाधान मानले. त्या टोक सोडण्याने आमचे केवढे नुकसान झाले, ते पुढे कळले. गाडीच्या संगणकाने दोषाची जी नोंद राखून ठेवली होती, ती त्या दहा मिनिटांत पुष्कळशी पुसली गेली. आजार तसाच राहिला आणि रोग्याचा कागद मात्र फाटला.

पाचव्या दिवशी दिवा परत आला. मग चिरंजीव गाडी एका मोठ्या शहरातील मोठ्या कार्यशाळेत घेऊन गेला. गाडी तेथे दोन दिवस राहिली. दोन्ही दिवस ऊन पडले होते आणि दिवा एकदाही लागला नाही. शेवटी त्यांनी सांगितले, की गाडीला वय झाले आहे, संदेश संकरित यंत्रणेचा आहे, तेव्हा मोठा विद्युतघट बदलून पाहावा. खर्च काही लाखांच्या घरात. “बदलून पाहावा” हे शब्द माझ्यासारख्या व्यापाऱ्याच्या कानाला खटकले. पाहण्यासाठी कोणी लाखो रुपये मोजत नाही. पण दुसरा मार्गही सुचेना. त्या रात्री चिरंजीव म्हणाला, “बाबा, दिवा नसेल त्या दिवशी दाखवून विकून टाकू.”

मी काहीच बोललो नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगला तांदूळ आणि तळाशी तुकडा भरणाऱ्याला आमचे वडील दारात उभे करीत नसत. ते मला आठवले. तरीही मी बोललो नाही, ही गोष्ट लपवीत नाही.

योगायोगाने गोंदियात एका तरुण वायरिंगवाल्याची माहिती मिळाली. आयटीआयमधून विजेचे शिक्षण घेतलेला, पुढे दुसऱ्या राज्यात अशा गाड्यांवर काम करून परतलेला. त्याने गाडीला हात लावण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. मला ते आवडले. आमचे जुने वैद्य असेच असत.

त्याने समजावलेल्या काही गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील, म्हणून येथे देतो. फलकावरील दिव्यांना रंगाची भाषा असते. तांबडा दिवा म्हणजे सुरक्षित जागा पाहून ताबडतोब थांबा. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे लवकर तपासून घ्या. हिरवा अथवा निळा केवळ माहिती देतो. दिवा हा दोष नव्हे. दोषाची वार्ता आणणारा तो जासूद आहे. आणि एकाच वेळी तीन दिवे लागले, म्हणून तीन ठिकाणी बिघाड झाला असेही नाही. ब्रेकची यंत्रणा, घसरण रोखणारी यंत्रणा आणि संकरित यंत्रणा यांचे संगणक निरनिराळे असले, तरी ते एकमेकांशी त्याच दोन तारांवरून बोलत असतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. त्यांतील एकाचा आवाज क्षणभर क्षीण झाला, की बाकीचे तक्रार करतात, ‘अमुक उत्तर देत नाही.’ तक्रार करणारे तीन, परंतु मूळ एकच.

ही तक्रार संगणक सांकेतिक अंकांत लिहून ठेवतात. सुकाणूखाली सोळा टाचण्यांचे एक खोबण असते. त्यात वाचक-यंत्र जोडले, की ते अंक दिसतात. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २०१३ पासून ही व्यवस्था मोटारींना बंधनकारक झाली. अंकाच्या आरंभी एक इंग्रजी अक्षर असते. ‘पी’ म्हणजे इंजिन व चालनशक्ती, ‘सी’ म्हणजे ब्रेक व चाकांकडील भाग, ‘बी’ म्हणजे गाडीचा सांगाडा व आतील सोयी, आणि ‘यू’ म्हणजे आपसांतील संभाषण. अनेकदा दोष नोंदला गेला त्या क्षणीची परिस्थितीही सोबत गोठवून ठेवलेली असते. वेग किती होता, इंजिन किती तापले होते, विजेचा दाब किती होता. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाच्या शोधात ही गोठवलेली नोंद फार मोलाची असते. म्हणून नोंद वाचून, उतरवून घेतल्याखेरीज कोणालाही ती पुसू देऊ नये आणि घटाचे टोकही सोडू देऊ नये.

आमच्या गाडीत नव्याने साचलेले अंक त्याने वाचले. दोन ‘यू’चे होते आणि एक ‘सी’चा, त्याचा अर्थ असा, की ब्रेकच्या संगणकाला मिळणारा विजेचा दाब अपुरा पडला. मोठ्या घटाविषयी एकही अंक नव्हता. त्याने मोठ्या घटाचे एकेक खंड यंत्रावर तपासून पाहिले. असा प्रत्येक खंड १.२ व्होल्टच्या सहा पेशींचा, म्हणजे ७.२ व्होल्टचा असतो. चालत्या गाडीत भार पडल्यावर एखादा खंड इतरांपेक्षा पुष्कळ खाली गेला, तर घट थकला असे मानतात. आमचे सारे खंड जवळजवळ बरोबरीने चालत होते. मागच्या आसनाजवळून हवा ओढून घट थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मात्र धुळीने आणि धाग्यांनी माखली होती. ती त्याने स्वच्छ केली. तो म्हणाला, “काकाजी, लाख रुपये घरात ठेवा. हा घट अजून चालतो.”

मोठ्या घटाच्या नारिंगी तारांना त्याने आम्हाला हातही लावू दिला नाही. त्या तारांत दोनशे व्होल्टहून अधिक दाबाची सरळ वीज असते आणि ती जीव घेऊ शकते. स्वतः काम करतानाही तो सुरक्षा-खीळ काढून, ठरावीक वेळ थांबून, रबरी हातमोजे चढवूनच पुढे जात असे. घरी गाडी उघडून पाहण्याची हौस असणाऱ्यांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे.

त्याने दुसरा विचार मांडला तो लहान घटाचा. संकरित गाडीतही साधा १२ व्होल्टचा घट असतो. साध्या गाडीत हा घट अशक्त झाला, की इंजिन सुरू होताना कण्हते आणि मालक सावध होतो. संकरित गाडीत इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या घटाकडे असते. लहान घट केवळ संगणकांना जागे करतो. त्यामुळे त्याचा अशक्तपणा कण्हण्यातून कळत नाही, भलत्याच दिव्यांतून कळतो. रात्रभर उभ्या गाडीत हा दाब साधारण १२.६ व्होल्ट असावा. आमचा ११.९ भरला. घट सहा वर्षांचा होता. तो बदलला.

गाडी परत देताना त्याने एक साधी वही मागवली आणि सूनबाईच्या हाती दिली. म्हणाला, “वहिनी, दिवा लागला तर लिहाच, पण नाही लागला तरी लिहा.” त्याने रकाने आखून दिले. तारीख, वेळ, गाडी किती तास उभी होती, रात्री पाऊस होता का, कोणत्या रस्त्याने गेलो, चालवणारा कोण, कोणते दिवे, किती वेळ. शेजारी कोणी बसले असेल, तर त्याने फलकाचे छायाचित्र घ्यावे, चालवणाऱ्याने नव्हे.

सूनबाईने ती वही ज्या निष्ठेने ठेवली, तिला तोड नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या रोजमेळातही इतक्या स्वच्छ नोंदी नसतील. ‘पहाटे सर. अंगण ओले. ६.५०. तिन्ही दिवे. शाळेच्या फाटकापर्यंत.’ ‘रात्र कोरडी. ६.४५. दिवा नाही.’ ‘दुपारी ३. बाजार. दिवा नाही.’ नवा घट बसवल्यावर आठवडाभर दिवा लागला नाही. मग श्रावणातल्या एका ओल्या सकाळी तो परत आला. घट अशक्त होता हे खरे. पण मूळ दुखणे ते नव्हते. एकाच रोग्याला दोन आजार असू शकतात, आणि पहिला बरा झाला म्हणजे दुसरा नव्हताच असे ठरत नाही.

आता माझा भाग सांगतो. नवा घट बसवण्याच्या आदल्या आठवड्यात, एका पहाटे साडेसहाला, मी स्वतः गाडी घेऊन पाहुण्यांना आणायला गोंदियाच्या स्टेशनावर गेलो होतो. रात्रभर पाऊस कोसळला होता. कळ दाबताच तिन्ही दिवे लागले आणि स्टेशन येईतो तसेच राहिले. मी पाहिले, पुरते पाहिले. गाडीत मी एकटाच होतो. पाहुणे बसले, परतीच्या वाटेवर दिवे मावळले. घरी येऊन मी चहा घेतला आणि कोणालाही काही सांगितले नाही.

का सांगितले नाही? त्या वेळी मनाला सांगितलेली कारणे आजही आठवतात. पाहुणे आले आहेत, गडबड आहे; आता घट बदलणारच आहे; एक नोंद कमी-जास्त झाल्याने काय होते? खरे कारण त्यांच्या तळाशी होते. ब्रेकवर पाय ठेवण्याविषयी मी जे म्हणालो होतो, ते मला मागे घ्यावे लागले असते. साठी उलटलेल्या माणसाला सुनेसमोर “मी चुकलो” म्हणणे जड गेले. वही तेव्हा सुरू झाली नव्हती, हे मला सोयीचे पडले. पुढे वही सुरू झाल्यावरही मागची ती एक ओळ भरण्याचे मी टाळले.

दिवा परत आल्यावर तो तरुण आमच्या अंगणातच आला. त्याने वही उघडली आणि बराच वेळ पाने उलटत राहिला. मग म्हणाला, “दिवा लागल्याच्या सगळ्या नोंदी ओल्या सकाळच्या आहेत. पण सगळ्या वहिनींच्याच आहेत, आणि सगळ्या शाळेच्या रस्त्याच्या. त्या रस्त्यावर खड्डे आहेत. चाकाजवळची तार हादऱ्याने सुटत असेल, तर चाके उघडावी लागतील. ओलाव्याने होत असेल, तर शोधायची जागा वेगळी. काकाजी, दुसऱ्या कोणी, दुसऱ्या रस्त्याने, सकाळी गाडी नेली होती का कधी? तेव्हा दिवा लागला होता का?”

अंगणात सगळे उभे होते. सूनबाई दाराशी होती. क्षमावाणीला अजून महिना अवकाश होता. त्या दिवशी आपण सर्वांची क्षमा मागतो. सर्वांची मागणे सोपे असते, कारण त्यात कोणत्याच एका गोष्टीचे नाव घ्यावे लागत नाही. येथे नाव घ्यावे लागणार होते. मी म्हणालो, “हो. मी नेली होती. स्टेशनच्या रस्त्याने. तिन्ही दिवे लागले होते. मी सांगितले नाही.” मग सुनेकडे वळून म्हणालो, “बेटा, तुझा दोष नव्हता. मला ते ठाऊक होते, तरी मी गप्प राहिलो. मला क्षमा कर.”

ती काही बोलली नाही. आत जाऊन पेन घेऊन आली आणि वही माझ्यापुढे धरली. “तारीख आठवते का, बाबा?” एवढेच म्हणाली. पाहुण्यांच्या तिकिटावरून तारीख निघाली. मी माझ्या हाताने ती ओळ लिहिली. चालवणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव घातले.

त्या एका ओळीने शोधाची दिशा ठरली. चालवणारा बदलला, रस्ता बदलला, तरी दिवा लागला. अर्थात चालवणारा आणि रस्ता दोन्ही सुटले. उरला तो ओलावा आणि रात्रभरचे उभे राहणे. त्या तरुणाने चाके उघडली नाहीत. त्याने झाकण उघडले, साध्या फवाऱ्याने एकेका जागी थोडे थोडे पाणी शिंपडले आणि मोजणी-यंत्र जोडून ठेवले. अशा गाडीत दार उघडताच ब्रेकचा पंप गुरगुरतो, कारण ब्रेकचा दाब तो आधीच भरून ठेवतो. त्या क्षणी त्याला पुष्कळ वीज लागते. तो दार उघडायचा, गुरगुर ऐकायचा आणि आकडा पाहायचा. उजव्या बाजूच्या एका कोपऱ्यात पाणी शिंपडल्यावर आकडा उसळला. तिन्ही दिवे भर दुपारी लागले. कारागिरासमोर ते प्रथमच लागले होते. आम्ही सगळे असे आनंदलो, की जणू दिवाळी आली.

त्या कोपऱ्यात गाडीच्या सांगाड्याला जोडलेली जमिनीची तार होती, जिला हे लोक अर्थिंग म्हणतात. वीज ज्या वाटेने परत घटाकडे जाते, ती ही वाट. तारेवरचे आवरण उंदरांनी कुरतडले होते. उघड्या तांब्यावर हिरवट कीट चढले होते आणि ते बोल्टापर्यंत पसरले होते. कोरड्या दिवशी ती तार कसेबसे काम करी. ओलाव्यात कीट फुगे, वाट अरुंद होई. पंपाने वीज मागितली, की दाब कोसळे आणि ब्रेकचा संगणक क्षणभर मुका होई. मग इतर संगणक तक्रार करीत. इंजिनाच्या उबेने तासाभरात सारे सुकले, की दिवे मावळत. चांगल्या जोडावर भार असताना ०.१ व्होल्टहून अधिक घट दिसू नये. येथे कोरडे असताना ०.३ आणि ओले असताना १ व्होल्टच्या आसपास घट दिसत होती. नुसती तार तपासली असती, तर ती अखंडच भरली असती. कामाला लावल्याशिवाय तिचा दोष दिसणार नव्हता.

त्याने तार बदलली, बोल्टाखालचा पत्रा घासून लखलखीत केला, जोड घट्ट केला आणि वरून गंजरोधक लेप दिला. सामान आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. लहान घटाचा खर्च वेगळा. लाखोंचे अंदाजपत्रक आजही माझ्या खणात आहे.

आता उंदीर. गाडी ज्या टिनाच्या शेडखाली उभी राहते, तिथेच मी कोंड्याची पोती ठेवली होती. म्हणजे उंदरांना आमंत्रण देणाराही मीच. कोणी म्हणाले विष ठेवा, कोणी म्हणाले चिकटपट्टी लावा. आमच्या घरात ते होणे नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. पोती हलवली, शेड झाडून घेतली, भिंतीतली बिळे सिमेंटने बुजवली, झाकणाखालच्या मोकळ्या जागांना बारीक लोखंडी जाळी बसवली आणि गाडी दोन दिवसांपेक्षा अधिक काळ उभी ठेवायची नाही असा नियम केला. उंदीर खाद्याच्या आणि उबेच्या मागे येतात. खाद्य गेले, तसे तेही गेले.

त्यानंतर भाद्रपदातला पाऊस गेला, परतीचा पाऊस गेला, पौषातले दाट धुके गेले. दिवा लागलेला नाही. आईच्या नागपूरच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्यांतल्या दोन वेळा गाडी सूनबाईने चालवली. दुसऱ्या फेरीत आई तिच्या शेजारी पुढच्या आसनावर बसली होती. “तिला गाडी देऊ नका” म्हणणारी आई परत आल्यावर सौ.ला सांगत होती, “ही हळू घेते. खड्ड्यात माझी कंबर दुखली नाही.” गाडी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे कधी विकायची झालीच, तर ती वही घेणाऱ्याच्या हाती द्यायची, असे चिरंजीवाने आपण होऊन ठरवले आहे.

ज्यांच्या घरी असा येणारा-जाणारा दिवा असेल, त्यांना माझे इतकेच सांगणे आहे. तांबडा असेल तर थांबा. पिवळा असेल तर भिऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. नोंद पुसण्याआधी ती उतरवून घ्या. महाग वस्तू बदलण्याआधी स्वस्त गोष्टी तपासा: लहान घट, त्याची टोके, जमिनीची तार, हवेची जाळी. दिवा लागला नाही तेही लिहा, कारण दोष कुठे नाही हे त्यातूनच कळते. आणि वही घरातल्या सर्वांची असू द्या. ज्याला आपल्या नावाची ओळ लिहायला संकोच वाटतो, त्याचीच ओळ बहुधा हवी असते.

ती वही अजून गाडीच्या खणात आहे. शेवटच्या पानांवर आता नातू पावसाची चित्रे काढतो. मी मधूनमधून ती उघडतो. सगळ्या नोंदी एका वळणदार अक्षरात आहेत. पहिल्या पानावर, समासात वर कोंबलेली एकच ओळ माझ्या अक्षरात आहे, तारखेच्या क्रमाला सोडून, सर्वांत उशिरा लिहिलेली.